दाराला दोन लाथा

डॉक्टर हळबे हार घेऊन पुढे आले, तेव्हा लाझारस बारदेस्कर पटकन बाजूला सरकले आणि मागे वळून दाराकडे बघू लागले.

"कोण यायचं हाय?" त्यांनी हळूच मला विचारलं. मी त्यांच्या शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो.

"कुणी नाही. हार तुम्हालाच आहे."

"मला व्हय? मला वाटलं नवरदेव आला."

सगळे हसले. तांबवेकर सर सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "व्हॉट अ सेन्स ऑफ ह्यूमर." बारदेस्कर विनोद करत नव्हते. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारा माणूस हार दिसला की सवयीनं वाट देतो. पण थोर कलावंतानं काहीही म्हटलं तरी त्यात काहीतरी असतंच, असं मंडळाचं मत होतं.

सांगलीत जॅझचं मंडळ होतं हे आता सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. पण होतं. गावभागात डॉक्टर हळब्यांचा दातांचा दवाखाना होता, त्याच्यावर त्यांचा हॉल. दर रविवारी संध्याकाळी तिथं दहा-बारा माणसं जमायची आणि डोळे मिटून बसायची. डॉक्टर अध्यक्ष. कॉलेजात इंग्रजी शिकवणारे तांबवेकर सर सचिव. बाकीचे मान डोलवायला. मी सभासद नव्हतो. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो. सभासद होती माझी बायको, शालन. तिला स्कूटरवरून नेणं आणि परत आणणं एवढंच माझं काम. मधल्या वेळात मी मागच्या खुर्चीवर झोपायचो. तिथं सगळेच डोळे मिटून बसत असल्यामुळे माझी झोपही रसिकतेत धरली जायची.

मंडळाची खरी इस्टेट म्हणजे डॉक्टरांच्या मेव्हण्यानं अमेरिकेहून आणलेला रेकॉर्ड प्लेअर. आपल्या विजेवर तो जळू नये म्हणून शेजारी विटेएवढा ट्रान्सफॉर्मर ठेवलेला असायचा आणि तो सारखा गुणगुणायचा. त्या प्लेअरवर लावलेलं कुठलंही गाणं संथ, जड आणि दुःखी वाटायचं. एक गाणारी बाई होती, तिला मी बरीच वर्षं पुरुष समजत होतो. तांबवेकर सर सांगायचे की जॅझ म्हणजे मुळात वेदना. ऐकल्यावर ते पटायचं. कुणाला कॅसेट हवी असली की डॉक्टर त्याच प्लेअरवरून भरून द्यायचे, त्यामुळे वेदना घरोघरी पोचली होती.

आणि या सगळ्यात मंडळाचं दैवत म्हणजे एक छोटी तबकडी. एकोणीसशे साठ साली मुंबईत निघालेली. तिच्यावर ‘किचन डोअर’ नावाची धून, आणि ट्रंपेटवर लॅझी बार्डेस. हा लॅझी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात वाजवायचा. पुढे दोन वर्षांत तो नाहीसा झाला. कुणी म्हणायचं लिस्बनला गेला, कुणी म्हणायचं दारूनं गेला. तांबवेकर सरांनी तर त्याच्या मौनावर दिवाळी अंकात लेख लिहिला होता.

आता शालनबद्दल. लग्नाआधी ती त्याच हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होती. टेलिफोनची खोली स्वयंपाकघराच्या बोळात होती आणि बँडचा आवाज तिथं रोज यायचा. म्हणजे या मंडळात लॅझी बार्डेसला खरोखर ऐकलेली ती एकटी. कुणालाही वाटेल की तिला पहिल्या खुर्चीवर बसवत असतील.

"हे असं नव्हतं," शालन म्हणायची. "हे भराभर होतं. ऐकून माणसं हसायची."

"वहिनी, आठवणी नेहमीच वेगानं पळतात," डॉक्टर समजुतीनं म्हणायचे.

"माझी आठवण ठीक आहे डॉक्टर. तुमचं मशीन आजारी आहे."

यावर सगळे हसायचे. डॉक्टरसुद्धा हसायचे, कारण मशीन अमेरिकेचं होतं आणि शालन तासगावची. एकदा तिनं त्या दाराबद्दल काही सांगायला सुरुवात केली होती. "स्वयंपाकघराचं दार होतं ना, तिथं काय व्हायचं—" एवढंच म्हणाली, तेवढ्यात तांबवेकर सर म्हणाले, "वहिनी, दार हे प्रतीक आहे." मग तिनं पुढं सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

मी एकदा तिला विचारलं, "हे चुकीचं वाजतं म्हणतेस, तर दर रविवारी जातेस कशाला?"

"चुकीचं का होईना, त्याचंच आहे ना," ती म्हणाली.

शालन हट्टी होती. घरातही तेच. हातात ताटं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर यायचं असलं की ती दाराला खालून दोन लाथा मारायची. आणि लाथा मारून लगेच यायचीही नाही, पलीकडे क्षणभर उभी राहायची. दार नुसतं खांद्यानं ढकललं तरी उघडणारं. उतरत्या चौकटीमुळे ते आपोआप मिटायचं, एवढाच त्याचा दोष. मी बाहेरून म्हणायचो, "रंग जातोय." मग ती यायची. दर दिवाळीला मी त्या दाराचा खालचा हातभर भाग रंगवायचो आणि संक्रांतीपर्यंत तो पुन्हा गेलेला असायचा.

मे महिन्यात ती गेली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिनं मला एक काम सांगितलं. दागिने कुणाला द्यायचे, साड्यांचं काय करायचं, असलं काही नाही. म्हणाली, "तो माणूस कधी सापडला तर समोर बसून एकदा ऐका. झोपू नका. आणि मी खरी की ते, तेवढं बघा."

"आणि बघून सांगू कुणाला?" मी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या एका इंग्रजी पेपरात मोठा फोटो आला. हरवलेला ट्रंपेटवाला सापडला. मुंबईत त्याचा कार्यक्रम झाला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, परदेशातून दोन माणसं आली होती. बातमीच्या शेवटी छोट्या अक्षरांत होतं की हे गृहस्थ गेली तीस वर्षं इचलकरंजीत राहतात.

इचलकरंजी सांगलीपासून एसटीनं तासाभरावर आहे. मंडळाची दोन आठवडे फार कुचंबणा झाली. तिसऱ्या आठवड्यात सत्काराचं ठरलं.

मी गेलो तो शालनचं काम करायला. तिच्या खुर्चीवर कुणीतरी सतरंज्या ठेवल्या होत्या. त्या उचलून मी खुर्ची पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीला लागून आणली आणि त्यांना पाणी द्यायचं काम अंगावर घेऊन बसलो. दुपारी चहा दोनदा घेतला होता, झोप येऊ नये म्हणून.

बारदेस्कर सत्तरीचे होते. सडपातळ, पांढरा बुशशर्ट आणि खाली बँडची लाल पँट, बाजूनं सोनेरी पट्टी असलेली. ट्रंपेट कापडी पिशवीत. पिशवीवर भडक अक्षरांत बँडचं नाव आणि फोन नंबर. ती पिशवी फोटोत येऊ नये म्हणून डॉक्टरांच्या सौभाग्यवतींनी दोनदा टेबलाखाली सरकवली, आणि बारदेस्करांनी दोनदा पायानं परत ओढून घेतली.

हार झाला. शाल झाली. नारळ झाला. स्मृतिचिन्ह म्हणून चांदीचा मुलामा दिलेला ग्रामोफोन दिला. बारदेस्करांनी त्याची किल्ली फिरवून बघितली. ती फिरत नव्हती.

"शोभेचा आहे," डॉक्टर म्हणाले.

"असू दे," बारदेस्कर म्हणाले.

मग तांबवेकर सर परिचय करून द्यायला उठले. सर बोलायला लागले की आपण घरचं कुलूप लावलं की नाही याचा शांतपणे विचार करता येतो. ते म्हणाले की ‘किचन डोअर’च्या सुरुवातीला दोन ठोके येतात. दोन संथ, गंभीर ठोके. ते नियतीचे ठोके आहेत. मग एक जीवघेणी स्तब्धता. मग एक दीर्घ सूर, बंद दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा. हे दार कुठलं? हे दार स्वदेशाचं आहे, हे दार आईचं आहे, हे दार मृत्यूचं आहे.

बारदेस्कर माझ्याकडे वाकले. "हे कुणाबद्दल बोलाय लागल्यात?"

"तुमच्याबद्दल."

"बरं," ते म्हणाले आणि पुन्हा सरळ बसले.

परिचय संपला. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं तबकडी पुसून प्लेअरवर ठेवली. ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागला. पाहुण्यासमोर पाहुण्याचीच रेकॉर्ड वाजवायची, ही कल्पना तांबवेकर सरांची. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले होते. बारदेस्करांचेही उघडे होते, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. तो ओळखीचा जड आवाज सुरू झाला. धप्प. धप्प. मग ती स्तब्धता. मग म्हैस लांबून हंबरावी तसा सूर.

बारदेस्करांनी सगळ्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवरून नजर फिरवली. त्यांचा चेहरा पडला. ते माझ्या कानाशी आले.

"कोण गेलंय?"

"माझी बायको," मी म्हणालो. "मागच्या मे महिन्यात."

ते एकदम सावरून बसले. गळ्यातला हार काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि रेकॉर्ड संपेपर्यंत मान खाली घालून राहिले. ही माझ्या बायकोची शोकसभा आहे अशी त्यांची समजूत झाली होती. मला ती दुरुस्त करावीशी वाटली नाही. वर्षभरात तिच्यासाठी तेवढा वेळ मान खाली घालून कुणी बसलं नव्हतं.

रेकॉर्ड संपल्यावर प्रश्नोत्तरं सुरू झाली.

"बार्डेससाहेब, एवढी वर्षं तुम्ही हरवला होतात..." डॉक्टरांनी सुरुवात केली.

"हरवलो न्हवतो. इचलकरंजीत होतो."

"म्हणजे कलेच्या दृष्टीनं हो. तो जो एकांत होता..."

"एकांत कुठला साहेब. ब्रास बँड हाय. पुढं बँड, मागं घोडा, बाजूला बत्तीवाल्या बाया." ते जरा थांबले, मग डॉक्टरांच्या तोंडाकडे निरखून बघू लागले. "तुमच्याकडं पण वाजवलंय की मी. मुलीचं लगीन न्हवं का? पलीकडच्या कार्यालयात. तुम्ही सोता येऊन मॅनेजरला म्हणाला होता, त्या ट्रंपेटवाल्याला जरा गप बसवा."

डॉक्टरांनी टेबलावरचा नारळ उचलून पुन्हा तिथंच ठेवला.

"मला काही आठवत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मला आठवतंय. जेवण झकास होतं. मठ्ठा तर काय."

तांबवेकर सर मदतीला आले. मुंबई का सोडली, कुठला आघात होता, हे त्यांना हवं होतं. बारदेस्कर म्हणाले की आई आजऱ्याला एकटी होती, पडली आणि पाय मोडला, म्हणून आलो. ती पुढं बरीच वर्षं जगली. मग परत जायचं राहून गेलं. सरांनी हे कुठं लिहून घेतलं नाही. त्यांच्या लेखात आघात मोठा होता.

"आता आभारप्रदर्शन," डॉक्टर म्हणाले.

बारदेस्करांनी घड्याळ बघितलं. संध्याकाळी त्यांना जयसिंगपूरच्या वरातीत वाजवायचं होतं आणि बँडचा टेम्पो त्यांना सांगलीत येऊन घेणार होता. म्हणजे आभार झाले की माणूस गेला. शालन खरी की मंडळ खरं, हे मग मला कुणीच सांगितलं नसतं.

मी उठून उभा राहिलो. त्या हॉलमध्ये मी कधी तोंड उघडलं नव्हतं, जांभई सोडून.

"आधी त्यांना वाजवू द्या," मी म्हणालो.

"मगदूम, वादन पत्रिकेत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं वय बघा. मघाशी बोलताना मी पाहिलं, वरचे पुढचे दोन दात बसवलेले आहेत. ट्रंपेटवर ताण येतो. उगाच त्यांना तसदी कशाला."

"तसदी कसली," बारदेस्कर म्हणाले. "संध्याकाळी ह्याच दातांनी वरात करायची हाय."

तांबवेकर सरांना धक्का बसला. "मुंबईत एवढा सन्मान झाल्यावर अजून तुम्ही वराती वाजवता?"

"वैशाख हाय की, सर."

त्यांनी पिशवीतून ट्रंपेट काढलं. जुनं, दोन ठिकाणी झाळलेलं. वाजवायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. शोकसभा माझी होती ना.

"काय वाजवू, दादा?"

"किचन डोअर."

"ते व्हय," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं.

सभासदांनी डोळे मिटायला घेतले. पण तेवढा वेळच मिळाला नाही. ठक-ठक. असे दोन ठोके, की पुढच्या रांगेतल्या पेडणेकरबाई दचकल्या. मग एवढीशी फट, आणि त्या फटीतून एक लांब सूर वर गेला. मुलीनं गॅलरीतून कुणाला हाक मारावी तसा. मग पुन्हा ठक-ठक, पुन्हा ती हाक. मग सगळं एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखं, धावपळ, भांडी, कुणीतरी घसरलं, कुणीतरी सावरलं. मागच्या रांगेत एक जण फिसकन हसला आणि लगेच खोकला. सत्तरीचा माणूस लाल पँटीतल्या पायानं ठेका देत होता आणि त्याचे डोळे सताड उघडे होते.

मी जागा होतो. एवढा जागा मी त्या हॉलमध्ये कधीच नव्हतो.

संपलं. टाळ्या पडल्या, पण जरा विचार करून.

"सुंदर," डॉक्टर म्हणाले. "फक्त थोडं घाईत झालं का?"

"वयोमानानं लय सुटते," तांबवेकर सर मला म्हणाले. हळूच म्हणाले, पण त्यांना हळू बोलायची सवय नव्हती. मग बारदेस्करांना म्हणाले, "मूळ रेकॉर्डमध्ये जे गांभीर्य आहे, ते दोन ठोके, नियतीचे—"

"लाथा हाईत त्या," बारदेस्कर म्हणाले.

"काय?"

"लाथा. हॉटेलाच्या किचनचं दार दोन्ही बाजूंनी उघडायचं. वेटर ट्रे घेऊन यायचा, दोन्ही हात गुंतलेलं. मग दाराला खालनं दोन लाथा मारायचा आणि थांबायचा. पलीकडं बोळ मोकळा असला की तिकडनं कुणीतरी म्हणायचं, येऊ दे. मग ह्यानं दार ढकलायचं. उत्तर आल्याबिगर ढकललं तर टक्कर. एकदा मॅनेजरच्या अंगावर अख्खं सूप गेलं. त्या दिवशी रात्री आम्ही ही धून बांधली. दोन लाथा, मग येऊ दे. तो लांब सूर म्हंजे ते येऊ दे."

"म्हणजे प्रतीकात्मक अर्थानं..." सर म्हणाले.

"न्हाई सर. लाथा."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

बारदेस्कर उठून रेकॉर्ड प्लेअरपाशी गेले. तबकडी पुन्हा लावली, थोडं ऐकलं आणि शेजारी ट्रंपेटचा एक सूर काढला. दोन्ही आवाज एकमेकांना अजिबात ओळखत नव्हते. "मी हे काळी पाचमध्ये वाजवलंय. हे खाली पांढरी पाचमधनं चाललंय." त्यांनी प्लेअरच्या मागची पट्टी वाचली. "अमेरिकेचा माल. ह्याची मोटर तिकडच्या करंटची. इकडं हळू फिरतीय, लंगडतीय. मुंबईत जहाजावरची पोरं असलं लई आणायची. डॉक्टर, चिकटपट्टी हाय का?"

दवाखाना खालीच होता, चिकटपट्टी आली. बारदेस्करांनी प्लेअरची थाळी उचलली, थाळी जोरात फिरावी म्हणून मोटरच्या खुंटीला चिकटपट्टीचे वेढे देऊन ती जाड केली, ऐकून बघितलं, आणखी एक वेढा दिला आणि तबकडी पुन्हा लावली.

ठक-ठक. आणि ती हाक.

लॅझी बार्डेस, वय पस्तीसच्या आसपास, तबकडीतून धावत बाहेर आला. त्याच्यामागे बँडवाले हसत होते. हे हसणं आम्ही इतकी वर्षं रेकॉर्डवरची खरखर समजत होतो. मग कुणीतरी त्या गाणाऱ्या बाईची रेकॉर्ड लावून बघितली. ती बाई निघाली. तरुण आणि बरीच आनंदात असलेली बाई.

मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता कुणीतरी शालनचं नाव घेईल. नुसतं म्हणेल, वहिनी सांगत होत्या खरं. डॉक्टरांनी चष्मा पुसला. तांबवेकर सर खिडकीतून खाली बघत होते. पेडणेकरबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

"आभारप्रदर्शन," डॉक्टर म्हणाले.

पुढचंही सांगून टाकतो. पुढच्या रविवारी मंडळानं बैठक घेऊन ती चिकटपट्टी काढून टाकली. ठराव बहुमतानं झाला. सरांनी मांडलं की मूळ काय होतं हा इतिहासाचा प्रश्न आहे, आपल्याला जे भावलं ते खरं. मी त्या बैठकीला नव्हतो, मला कुणीतरी यार्डात येऊन सांगितलं. त्यानंतर मी तिथं गेलो नाही. आता डॉक्टर नाहीत, सर पुण्याला मुलाकडे असतात, प्लेअर कुठं गेला माहीत नाही.

त्या दिवशी बारदेस्करांचा टेम्पो वखारभागातल्या आमच्या कोपऱ्यावर थांबणार होता, म्हणून मी त्यांना घरी आणलं. स्कूटरवर ते मागे बसले, एका हातात ट्रंपेट, दुसऱ्या हातात नारळ आणि ग्रामोफोन. शाल त्यांनी ट्रंपेटला गुंडाळली होती. वाटेत म्हणाले, "मंडळी चांगली हाईत. पण दुखवट्याला एवढं भाषण करत्यात व्हय?"

"तो दुखवटा नव्हता. तुमचा सत्कार होता."

ते मागून पुढे वाकले. "मग बायकोचं?"

"ते खरं आहे."

घरात आल्यावर ते भिंतीवरच्या फोटोपाशी उभे राहिले. "ह्या का?"

"हो. शालन. लग्नाआधी तुमच्या हॉटेलात होती. टेलिफोनवर."

त्यांनी फोटो जवळून बघितला, मग लांबून बघितला. मला वाटलं, आता म्हणतील की अरे, ही तर अमुक. तसं काही झालं नाही.

"चेहरा न्हाई ओळखायचा मला," ते म्हणाले. "टेलिफोनची खोली बोळात होती. खिडकी एवढीशी. आत दोघीतिघी मुली असायच्या आळीपाळीनं. पण येऊ दे त्याच म्हणायच्या की."

"कोण?"

"त्या मुली. बोळ त्यांना खिडकीतनं दिसायचा. वेटरांनी लाथा मारल्या की आतनं आवाज यायचा, येऊ दे. नंबर जोडता जोडता. एकीचा आवाज तर बँडच्यावर यायचा, एवढी मोठ्यानं म्हणायची. एक लई लाजायची, तिच्या पाळीला निम्मे ट्रे सांडायचे." ते खुर्चीवर बसले. "तुमची कुठली?"

"मोठ्यानं म्हणणारी," मी म्हणालो.

"मग तीच. ट्रंपेटवर तिचंच घेतलंय मी. दुसरीचं कुणाला ऐकू यायचं?"

मी चहा करायला आत गेलो. आलं ठेचलं, दूध घातलं. बाहेर बारदेस्कर त्या ग्रामोफोनच्या किल्लीशी खटपट करत होते, तो आवाज येत होता. चहा कपात ओतला, दोन्ही कप उचलले आणि दारापाशी आलो. दार नेहमीसारखं मिटलेलं होतं.

वर्षभर मी एकच कप करत होतो. एक कप असला की एक हात मोकळा असतो, दार उघडता येतं. ही अडचण मला कधी आलीच नव्हती. मी तसाच थोडा वेळ उभा राहिलो. खाली बघितलं. हातभर रंग गेलेला होता. मागच्या दिवाळीला मी तो दिला नव्हता.

मी दाराला दोन लाथा मारल्या.

"येऊ दे," बाहेरून बारदेस्कर म्हणाले. विचार करून नाही. किल्लीवरची नजरसुद्धा त्यांनी उचलली नसेल.

मी लगेच दार ढकललं नाही.

"अहो दादा, येऊ दे की," ते पुन्हा म्हणाले, आता जरा मोठ्यानं. "बोळ मोकळा हाय."

मी खांद्यानं दार ढकललं.